भुवयांमधली आठी

साखरपुड्याचे फोटो घरी आले त्या रात्री बाईंनी ते दोनदा पाहिले, आणि तिसऱ्यांदा पाहायला घेतले तेव्हा चष्मा पुसून घेतला. ज्या ज्या फोटोत त्या होत्या, त्या प्रत्येकात दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. नारळ हातात देताना, मुलीच्या कपाळाला कुंकू लावताना, इचलकरंजीहून आलेल्या विहीणबाईंशी बोलतानासुद्धा. ओठ हसत होते; कपाळ हसत नव्हते.

शाळेत आणि सोसायटीतही त्यांना सगळे बाईच म्हणतात. येथेही तेवढेच पुरे. मूळचे घराणे सांगलीकडचे. पतींची बँकेतली बदली झाली म्हणून वसईत आले आणि माणिकपूर भागात स्थिरावले. बाईंनी सत्तावीस वर्षे गणित शिकवले. गणिताच्या वह्या तपासताना भुवया आपोआप आत ओढल्या जातात आणि आठी पडते. ती आधी वही मिटताच नाहीशी होत असे, पुढे झोपेत नाहीशी होऊ लागली, आणि आता तीही सवय तिने सोडली होती. बाईंच्या आईच्या कपाळावरही नेमकी अशीच आठी होती. भिंतीवरच्या फोटोत ती अजून आहे.

खरे तर बाईंना आरशाचा फारसा सोस नव्हता. केस पांढरे झाले तेव्हा त्यांनी ते तसेच राहू दिले. पण साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी मुलगा जेवताना सहज म्हणाला, "आई, ती विचारत होती, तुझं तिच्यावर काही मनात आहे का? सगळ्या फोटोंत रागावलेली दिसतेस म्हणे." त्याने ते हसण्यावारी नेले. बाईंच्या घशात मात्र घास अडला. घरात येणारी मुलगी आपल्या चेहऱ्याला भिते आहे, आणि तो चेहरा तर आपल्या मनातले काही सांगतच नाही! सुरकुत्यांवर इंजेक्शन घेणाऱ्या बायकांना नटव्या म्हणून मोकळे होणे सोपे असते. पुष्कळ जणींना तरुण दिसायचे नसते. आपण जशा आहोत तशा दिसायचे असते.

लग्न माघात होते. हाताशी चार महिने होते.

स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांचा दवाखाना आहे. बाई तेथे एकट्याच गेल्या. डॉक्टर तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बाईंना भुवया आवळायला सांगितल्या, मग सैल सोडायला सांगितल्या आणि दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. स्नायूंच्या हालचालीने पडणाऱ्या रेघा, म्हणजे कपाळावरच्या, भुवयांमधल्या आणि डोळ्यांच्या कडेच्या, यांसाठी स्नायू सैल करणारे इंजेक्शन असते. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घड्या त्वचेखालचा भराव कमी झाल्याने पडतात. तेथे भराव घालणारे इंजेक्शन, म्हणजे फिलर, लागते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. बाईंच्या आठीला पहिले इंजेक्शन हवे होते. भुवयांच्या मधल्या भागात पाच ठिकाणी बारीक सुई टोचायची. दोन-तीन दिवसांत फरक जाणवू लागतो, पंधरवड्यात पूर्ण दिसतो, आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. मग पुन्हा.

"कोणतं घ्यायचं ते मात्र तुम्ही ठरवा," असे म्हणून त्यांनी दरपत्रक पुढे केले. त्यावर तीन नावे होती: बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन. तिघांपुढे 'प्रति युनिट' असा दर लिहिला होता. डिस्पोर्टचा दर इतर दोघांहून बराच कमी दिसत होता. तळाशी 'लग्नघरासाठी खास सवलत' अशी एक ओळ होती, आणि सवलत वराच्या आईला व वधूला एकत्र मिळत होती.

बाई दरपत्रक घेऊन घरी आल्या आणि सवयीप्रमाणे वहीत उभ्या-आडव्या रेघा आखून हिशेब मांडू लागल्या. वसईच्या बाजारात भाजी कोणी वाट्यावर देतो, कोणी जुडीवर, कोणी किलोवर. स्वस्त कोणती हे घरी येऊन वजन केल्याशिवाय कळत नाही. येथेही तसेच निघाले. दोन भुवयांमधल्या भागासाठी बोटॉक्सची आणि झिओमिनची नेहमीची मात्रा २० युनिट, तर डिस्पोर्टची ५० युनिट. म्हणजे युनिट स्वस्त असले तरी युनिटे अडीचपट लागतात. बाईंना त्रैराशिक मांडायचा मोह झाला. पण गणित शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न आधी पडतो: हे युनिट म्हणजे नेमके काय? ग्रॅम नाही, मिलिलिटर नाही. मग कशाचे माप?

तो प्रश्न त्यांनी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

मधल्या काळात मंदिरातल्या एका मैत्रिणीची हकीकत त्यांच्या कानावर आली. तिने एका ब्यूटी पार्लरमध्ये स्वस्तात असेच इंजेक्शन घेतले होते. बाटली कोणती ते तिला कोणी दाखवले नाही, तिनेही विचारले नाही. चौथ्या दिवशी उजव्या डोळ्याची पापणी खाली उतरली आणि पुढचे सहा आठवडे तशीच राहिली. औषध जागेवर न राहता पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले की असे होते. ते हळूहळू जाते, पण मधले दिवस काढावे लागतात. त्या दिवसांत ती मंदिरात आली नाही; कारण सांगायची तिला लाज वाटत होती. बाईंना तिच्या पापणीहून त्या लाजेचेच जास्त वाईट वाटले. हे इंजेक्शन नोंदणीकृत डॉक्टरने, चेहऱ्याच्या स्नायूंची नीट माहिती असलेल्याने द्यायचे असते. बोटॉक्सची आणि डिस्पोर्टची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. आतली कोरडी पूड मिठाच्या निर्जंतुक पाण्यात मिसळली की तिचे आयुष्य काही तासांचेच उरते, म्हणून ती आपल्यासमोर मिसळलेली बरी. एवढ्या गोष्टी विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. आपण दूधसुद्धा तारीख पाहून घेतो.

भावाची मुलगी सांगलीला असते. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे. बाईंनी तिला फोन केला आणि तिन्ही नावे सांगितली.

"आत्या, तू बोटॉक्स घेणार?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की बाईंनी फोन कानापासून दूर धरला.

"घेणार म्हटलं नाही अजून. आधी त्यात काय असतं ते सांग."

भाचीने त्या रात्री औषधांबरोबर मिळणारी तिन्ही माहितीपत्रके पाठवली, आणि रविवारी दीड तास फोनवर बसून ती समजावून दिली. तिने आरंभ मात्र दोनशे वर्षांपूर्वीपासून केला. शिकलेल्या मुलींची ही खोड असते. पण त्या दिवशी तिचा उपयोग झाला.

जर्मनीतल्या वुर्टेंबर्ग राज्यात जुस्टिनुस केर्नर नावाचा एक डॉक्टर होता, कवीही होता. मांसाच्या सॉसेजमधून विषबाधा होऊन माणसे लुळी पडत, पापण्या उघडेनाशा होत, श्वास थांबे. केर्नरने १८२० आणि १८२२ मध्ये अशा रुग्णांची बारकाईने वर्णने लिहिली आणि त्या विषाचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. हेच विष अगदी थोड्या मात्रेत दिले तर ज्या आजारांत स्नायू अनावर आवळतात तेथे औषध ठरेल, असेही त्याने तेव्हाच सुचवले. 'बोट्युलिनम' हे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला आलेली वादक मंडळी नासलेले मांस खाऊन आजारी पडली. त्यातली काही दगावली. एमिल व्हान एर्मेंगेम या संशोधकाने त्या मांसातून विष तयार करणारा जिवाणू शोधून काढला. हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवते. स्नायू मरत नाही. निरोप मिळेनासा झाल्याने स्वस्थ पडून राहतो. काही महिन्यांनी निरोपाची वाट पुन्हा सुरू होते.

केर्नरची सूचना प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे इंजेक्शन वापरले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ डॉक्टर पापण्यांच्या याच विकारावर ते देत असत. त्यांच्या एका रुग्ण बाईंनी भुवयांमध्येही इंजेक्शन द्यायचा आग्रह धरला. ते दिले की चेहरा शांत दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. जीन यांचे पती ॲलेस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये नेमक्या त्याच आठ्यांसाठी अमेरिकेत बोटॉक्सला मान्यता मिळाली. डिस्पोर्टला ती २००९ मध्ये मिळाली, झिओमिनला २०११ मध्ये.

"म्हणजे आधी आजारासाठी आलं, मग चेहऱ्यासाठी," बाई म्हणाल्या.

"हो. आणि तिन्हींतलं मूळ द्रव्य एकच. बोट्युलिनम टॉक्सिन, ए प्रकारचं. फरक आहे तो बरोबरच्या गोष्टींत."

या बरोबरच्या गोष्टींबद्दल दवाखान्यात कोणी काही बोलले नव्हते, आणि बाईंना नेमक्या त्याच हव्या होत्या. जैन घरातली बाई बिस्किटाचा पुडा घेतानासुद्धा तो उलटा करून हिरवा ठिपका शोधते; मग त्वचेखाली जाणाऱ्या द्रव्याची चौकशी तिने का करू नये? पण हा प्रश्न महाराजांना विचारायचा संकोच वाटतो, आणि डॉक्टरांना विचारायचा त्याहून अधिक.

माहितीपत्रकांतून जे निघाले ते असे. बोटॉक्सचा जिवाणू दुधातल्या केसिनपासून केलेले द्रव्य, ग्लुकोज आणि यीस्टचा अर्क यांच्यावर वाढवतात. तयार बाटलीत मूळ द्रव्याबरोबर मानवी अल्ब्युमिन आणि मीठ असते. अल्ब्युमिन हे माणसाच्या रक्तातून, म्हणजे रक्तद्रव देणाऱ्यांकडून मिळवलेले प्रथिन. झिओमिनमध्ये मानवी अल्ब्युमिन आणि साखर असते. मूळ द्रव्याला चिकटून येणारी जिवाणूची इतर प्रथिने त्यात काढून टाकलेली असतात. डिस्पोर्टमध्ये अल्ब्युमिन आणि दुधातली लॅक्टोज साखर. गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी डिस्पोर्ट घेऊ नये, असे त्याचे पत्रकच सांगते. बाईंनी येथपर्यंत शांतपणे लिहून घेतले. दूध चालते. रक्त माणसाने माणसाला दिलेले. समाजाच्या रक्तदान शिबिरात त्या स्वतः चार वेळा गेल्या आहेत. त्यांना यात अडण्यासारखे काही वाटले नाही. कोणाला वाटले तर तेही समजण्यासारखे आहे.

फिलर घ्यायचे नव्हते, तरी बाईंनी त्याचीही चौकशी केली. आरंभीची भरावाची इंजेक्शने गुरांच्या कातडीतून काढलेल्या कोलॅजेनची असत. अमेरिकेत त्यांना १९८१ मध्ये मान्यता मिळाली होती. नंतर हायल्युरॉनिक ॲसिड आले. तेही काही काळ कोंबड्यांच्या तुऱ्यांपासून काढले जाई; आजकालची बहुतेक फिलर जिवाणूंच्या साहाय्याने बनवलेली असतात. पण भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा काळवंडू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. त्या वेळी ते विरघळवायला हायल्युरोनिडेज नावाचे औषध तातडीने टोचतात, आणि त्या औषधाचे काही प्रकार मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या अवयवांपासून काढलेले असतात. फिलर घेणाऱ्या जैन भगिनीने हे आधीच जाणून घेतलेले बरे. दृष्टी धोक्यात असताना ते नाकारायचे, असा याचा अर्थ नव्हे. पण गरज नसताना त्या प्रसंगाच्या जवळ जायचे की नाही, हे ठरवायला वेळ आधीच असतो.

मग बाईंनी वहीच्या कोपऱ्यातला प्रश्न विचारला.

"युनिट म्हणजे काय ग?"

भाची जरा थांबली. "पत्रकात दिलंय, आत्या. 'वर्णन' नावाच्या भागात बघ."

बाईंनी फोन चालू ठेवूनच तो भाग शोधला. तेथे एका वाक्यात लिहिले होते की एक युनिट म्हणजे उंदरांच्या पोटात टोचली असता त्यांतले निम्मे उंदीर मारणारी मात्रा. पुढे असेही लिहिले होते की हे माप ज्या त्या कंपनीच्या चाचणीपद्धतीवर अवलंबून आहे, म्हणून एकाची युनिटे दुसऱ्याच्या युनिटांत बदलता येत नाहीत. बाईंचे त्रैराशिक तेथेच मोडले. त्यांनी पेन खाली ठेवले.

दरपत्रकावरचा प्रत्येक आकडा या मापात होता. भुवयांमधल्या आठीला २० युनिट. ५० युनिट. सवलत युनिटावर.

भाची पुढे सांगत होती, कारण तिला आत्याची शांतता ओळखता येत होती. हे विष इतके तीव्र आहे की प्रत्येक तुकडीची ताकद मोजल्याशिवाय ती बाजारात आणणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे. ती मोजायची पद्धत अनेक दशके उंदरांवरचीच होती; उंदीर लुळे पडत, श्वास अडकून मरत. पुढे बोटॉक्सच्या कंपनीने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ताकद मोजण्याची चाचणी तयार केली, आणि जून २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती मान्य केली. इतर मोठ्या कंपन्याही नंतर तशा चाचण्यांकडे वळल्या. म्हणजे परिस्थिती सुधारते आहे. पण बाटलीवर 'ही तुकडी पेशींवर तपासली' किंवा 'उंदरांवर तपासली' असा ठिपका नसतो.

"आपल्याकडे तर प्राण्यांवरच्या चाचण्यांना बंदी आहे ना?" बाईंनी विचारले. मंदिरात कोणीतरी तसे सांगितल्याचे त्यांना आठवत होते.

बंदी आहे, पण ती सौंदर्यप्रसाधनांना. भारताने २०१४ मध्ये प्राण्यांवर प्रसाधने तपासायला मनाई केली, आणि त्याच वर्षी तशा रीतीने तपासलेल्या परदेशी प्रसाधनांची आयातही बंद केली. आपल्या समाजातल्या अनेकांनी त्या निर्णयाचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. पुण्याची ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून याच कामात आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने बोटॉक्स हे प्रसाधन नव्हे, औषध आहे. सुरकुत्यांसाठी टोचले तरी ते औषधच. त्यामुळे लिपस्टिकच्या कांडीला जो नियम लागतो, तो या बाटलीला लागत नाही. येथे कायद्याची मोठी विसंगती दिसते. ज्या वस्तूचा उपयोग केवळ दिसण्यासाठी होत आहे तिला औषधाची मोकळीक मिळते, आणि ती मोकळीक ज्या रुग्णांच्या गरजेवरून दिली गेली ते रुग्ण दवाखान्याच्या दरपत्रकावर कोठेच नसतात.

असा एक रुग्ण बाईंच्या घरातच होता, आणि त्यामुळेच त्यांना त्या रात्री झोप आली नाही.

थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरात सगळे अक्का म्हणतात, विरारला राहतात. वय अडुसष्ट. सात वर्षांपूर्वी त्यांच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या. प्रथम उन्हात, मग घरात, मग केव्हाही. डोळे चांगले, दृष्टी चांगली. पण पापण्या अशा घट्ट आवळत की दोन्ही हातांनी उघडाव्या लागत. रस्ता ओलांडता येईना, निवडायला घेतलेले तांदूळ दिसेनात, आणि अक्कांना सर्वांत सलत असे ते म्हणजे शास्त्रवाचनाच्या वेळी पुढची ओळ सापडत नसे. मुंबईच्या एका रुग्णालयात निदान झाले, आणि तेव्हापासून दर चार महिन्यांनी पापण्यांभोवती हेच इंजेक्शन घेतात. तीन-चार दिवसांत डोळे उघडतात. मग तीन महिने अक्का पुन्हा ग्रंथ उघडून बसतात.

म्हणजे ज्या बाटलीला आपण आज विष म्हणून नाक मुरडायला निघालो आहोत, तिच्याच आधाराने अक्का वाचतात. श्रावकाच्या आचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. संसार चालवताना पहिल्या तिन्हींतून गृहस्थाची पूर्ण सुटका नाही. चौथी मात्र त्याने सोडायचीच असते. अक्कांचे इंजेक्शन कोणत्या कप्प्यात जाते आणि आपले कोणत्या, हे बाईंना सांगता येत होते. तरी तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. उंदराच्या बाजूने पाहिले तर कप्पे नसतात. आणि दुसरे म्हणजे, अक्कांना हे माहीत होते का? सात वर्षे त्या सुई टोचण्याआधी णमोकार म्हणतात आणि रात्री आलोचना करतात. आपण काय घेतो हे माहीत नसताना केलेली ती आलोचना. त्यांना सांगावे, तर औषध बंद करतील अशी भीती. न सांगावे, तर आपण त्यांच्यापासून काही लपवतो आहोत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दवाखान्यात फोन करून विचारले की येणारी बाटली कोणत्या तुकडीची असेल आणि त्या तुकडीची चाचणी कशी झाली, हे कळेल का. पलीकडच्या मुलीने प्रश्न पुन्हा सांगायला लावला, मग डॉक्टरांना विचारून आली. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की हे आजवर कोणी विचारलेले नाही आणि पुरवठादाराकडूनही त्यांना ते कळत नाही. बाईंनी त्यांचे आभार मानले आणि वेळ रद्द केली. मुलाला त्यांनी इतकेच सांगितले, "तिला फोन लावून दे."

होणाऱ्या सुनेशी त्या फोनवर कितीतरी वेळ बोलल्या. कपाळाचे एकाच वाक्यात उरकले: "माझं कपाळ माझ्या आईकडून आलंय, ग. रागावले तर मी तोंडाने सांगेन." पलीकडे ती आधी अवघडली, मग हसली. पुढचा वेळ साड्यांच्या काठांवर गेला. एका फोनने सगळी भीती गेली असेल असे मानण्याचे कारण नाही. सासूच्या चेहऱ्याची सवय व्हायला वेळ लागतोच.

पुढच्या आठवड्यात अक्कांची तारीख होती. अक्का विरारहून बसून आल्या आणि बाई वसई रोडला त्याच डब्यात चढल्या. रुग्णालयात परिचारिकेने शीतकपाटातून बाटली काढली तेव्हा बाईंनी ती पाहायला मागितली. नाव, तुकडीचा क्रमांक, मुदतीची तारीख. त्यांनी तिन्ही गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. अक्का डोळे मिटून पुटपुटत होत्या.

परतीच्या विरार गाडीत दुपारची वेळ असल्याने महिलांच्या डब्यात खिडकी मिळाली. अंधेरी गेल्यावर बाईंनी सांगायला सुरुवात केली. जपून, शब्द निवडून, पेशींवरच्या चाचणीची गोष्ट आधी आणि उंदरांची नंतर. पण गोष्ट उलटी सांगितली तरी तीच राहते. अक्कांनी मध्ये काही विचारले नाही. बोरिवली गेली. मीरा रोड गेले. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली, तरी त्या बाहेर पाण्याकडेच बघत होत्या. पापण्या अजून मधूनमधून आवळत होत्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?" शेवटी त्यांनी विचारले.

"पंधरा दिवस झाले, अक्का."

"आणि तू तुझं घेतलं नाहीस."

"नाही."

"मी घेणार," अक्का म्हणाल्या. "डोळे मिटून बसले तर तुम्हाला सगळ्यांना माझं करावं लागेल, आणि मला वाचता येणार नाही. मी घेणार. पण मग ते उंदीर माझ्या नावावर आहेत हे मला माहीत असायला हवं."

बाईंनी पर्समधून एक कागद काढला. भाचीच्या मदतीने कंपनीला लिहिलेले पत्र होते. भारतात विकल्या जाणाऱ्या तुकड्यांची ताकद कोणत्या पद्धतीने मोजली जाते, पेशींवरची चाचणी येथल्या बाटल्यांनाही लागू आहे का, आणि ते बाटलीवर किंवा पत्रकात छापता येईल का, असे तीन प्रश्न. खाली बाईंची सही होती. तुकडीच्या क्रमांकासाठी जागा मोकळी सोडलेली होती. ती त्यांनी वहीत पाहून भरली.

अक्कांनी कागद डोळ्यांजवळ धरला, एका हाताने पापणी वर उचलून पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि बाकीचे वाचून दाखवायला सांगितले. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तू तर घेतही नाहीस. तुला ते कशाला उत्तर देतील? माझं नाव घाल. वरती घाल."

नायगाव आले. गाडी थांबली तेवढ्यात सही करावी म्हणून अक्कांनी पेन घेतले, पण 'श्री' लिहीपर्यंत गाडी पुन्हा सुटली. उरलेले नाव हलत्या गाडीत, बाईंच्या पर्सवर कागद टेकून, वेडेवाकडे उमटले. वसई रोडला बाई उतरल्या नाहीत. अक्कांना विरारपर्यंत पोहोचवायचे होते.